खर्जाची बाजू

संगीत महाविद्यालयातली पोरं त्यांना पाठीमागे 'खोडरबर' म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. विद्यार्थ्याने घरून लिहून आणलेली रचना ते समोर घ्यायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे, अख्खं पान मनातल्या मनात वाजवून पाहायचे आणि मग खिशातून रबर काढायचे. "हा सूर इथे काय करतोय? बोलावलं होतं कुणी याला?" असं म्हणून तो पुसून टाकायचे. एक मुलगी एकदा पानभर लिहून घेऊन आली आणि दोन ओळी घेऊन परत गेली. जाताना तोंड फुगलेलं होतं. पण त्या दोन ओळी खरंच चांगल्या होत्या, हे तिलाही जिना उतरेपर्यंत कळलं असावं.

शिकवणारे म्हणून त्यांचं नाव मोठं होतं. रचनाकार म्हणून विचाराल, तर शहरात त्यांची एकही रचना कुणी ऐकलेली नव्हती. बरोबरीच्या प्राध्यापकांच्या रचना सभागृहात वाजायच्या, वर्तमानपत्रात चार ओळी यायच्या, हारतुरे व्हायचे. हे आपले मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. "दुसऱ्याचं खोडता खोडता स्वतःचं लिहायचं राहूनच गेलं बिचाऱ्याचं," असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जायचं. ते अगदीच खोटं होतं. त्यांच्या कपाटात रचनांची मोठी चळत होती. सगळ्या पियानोच्या, आणि सगळ्या एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायच्या. त्या वाजलेल्याही होत्या, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. फक्त पूर्ण अशी एकही कुणाच्या कानावर पडली नव्हती, लिहिणाऱ्याच्याही नाही.

हे असं कसं झालं, ते सांगायचं तर त्यांच्या लहानपणापर्यंत मागे जायला हवं.

त्यांचे वडील पियानो दुरुस्त करायचे आणि त्यांचे सूर लावायचे. खाली कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबडी खोली: भिंतीला टेकलेली पोटं उघडी टाकलेली वाद्यं, हातोड्यांच्या ओळी, लोकरीचे तुकडे, तारांची भेंडोळी आणि सरसाचा वास. तो वास जिन्याने वर चढून चादरींतसुद्धा शिरायचा. आई धाकट्याला आठवतही नव्हती, इतक्या लवकर गेली. घरात तीन पुरुष: बाबा, दादा आणि हा बारक्या. दादा सहा वर्षांनी मोठा. बारक्याला अंघोळ घालणं, शाळेत सोडणं, मारणं आणि दुसऱ्याने मारलं तर त्याला मारणं, ही सगळी खाती दादाकडे होती.

वरच्या खोलीत एक उभा पियानो होता. कुणी तरी दुरुस्तीला टाकून गेलं ते न्यायला आलंच नाही. दोघं भाऊ एकाच बाकावर बसायचे. डावीकडे दादा, म्हणजे खर्जाची बाजू त्याची. उजवीकडे बारक्या, टिपेचे सूर त्याचे. बाक आखूड होता, त्यामुळे दादाचं कोपर सारखं बारक्याच्या बरगडीत जायचं.

"सरक की जरा!"

"मी सरकलो तर तू पडशील, गाढवा."

खाली बाबा हातातलं काम न थांबवता ऐकत असायचे. कुणाचं बोट चुकलं की खालून काठीने छत ठोकायचे. एकदा ठोकलं तर बारक्या चुकला, दोनदा ठोकलं तर दादा. कौतुकाची ठोक अशी नव्हतीच. छत गप्प राहिलं की समजायचं, बरं चाललंय.

दादा बावीस वर्षांचा असताना ती गोष्ट घडली. शहरातल्या मोठ्या सभागृहातला पियानो लावायचं काम बाबांकडे होतं, आणि त्या कामाचा त्यांना फार अभिमान. त्या दिवशी बाहेरगावचे एक वादक आले होते. त्यांनी दोन-चार पट्ट्या वाजवून पाहिल्या आणि म्हणाले, "वरच्या तारा उतरल्या आहेत." बाबा म्हणाले, "आत्ताच लावल्यात." वादक म्हणाले, "ऐका पुन्हा." बाबांनी पुन्हा ऐकलं आणि पुन्हा तेच सांगितलं. व्यवस्थापक एकदा याच्या तोंडाकडे बघतोय, एकदा त्याच्या. बारक्या अवजारांची पेटी धरून उभा होता. तेव्हा दादा म्हणाला, अगदी हळू आवाजात म्हणाला, पण रिकामं सभागृह ते, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं:

"बाबा, तुम्हाला वरचे सूर ऐकू येत नाहीत. वर्ष झालं."

बाबांनी अवजारं गोळा केली. तिघं चालत घरी आले. कारखान्याचं दार लावून घेतल्यावर ते म्हणाले, "घरात बोलला असतास तर ऐकून घेतलं असतं. चारचौघांत बोललास."

"घरात दोनदा बोललो," दादा म्हणाला. "तुम्हाला तेही ऐकू आलं नाही."

दादाने ते खवचटपणे म्हटलं नव्हतं. जे झालं होतं तेच सांगितलं. पण काही खरी वाक्यं अशी असतात की ती एकदा तोंडातून सुटली की घरात त्यांच्याशेजारी राहणं कठीण होतं. बाबा म्हणाले, "ज्या घरातल्या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, तिथे राहून तू काय करणार?" दादाही नाकावर राग घेऊनच जन्माला आलेला. महिन्याच्या आत तो परदेशी निघून गेला. बारक्या त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेला तेव्हा दादाने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "लिही मला. घरच्या पत्त्यावर मी लिहिणार नाही."

त्यानंतर घरात दादाचं नाव निघालं नाही. सभागृहाचं काम गेलं. शाळांमधले आणि लोकांच्या घरचे पियानो मात्र बाबांकडेच राहिले. शाळा सुटली की बारक्या त्यांच्याबरोबर जायचा. बाबा खालपासून सूर लावत वर यायचे आणि एका ठरावीक पट्टीपाशी आले की त्यांना अचानक तहान लागायची, नाही तर मालकांशी काही महत्त्वाचं बोलायचं असायचं. ते बाहेर जायचे. राहिलेलं बारक्या लावायचा. परत आल्यावर बाबा झाकण मिटायचे आणि म्हणायचे, "झालं." एवढ्या वर्षांत दोघांनी यावर एक अक्षर काढलं नाही. झाकली मूठ दोघांनी मिळून धरली होती.

बारक्या संगीत महाविद्यालयात शिकायला गेला आणि पत्रांना पत्ता मिळाला. दारावरचा दरवान त्याला लांबून पाहिलं की ओरडायचा, "या! तुमचा परदेश आलाय!" दादाची पत्रं लांब नसायची. तो तिकडे मोठा वादक व्हायला गेला होता आणि झाला होता एका नृत्यशाळेतला पियानोवाला. 'दिवसभर बाई काठी आपटून एक-दोन-तीन-चार करतात, आणि मी एक-दोन-तीन-चार वाजवतो,' असं त्याने लिहिलं. 'पाय मुलींचे, मोजणी बाईंची, माझी फक्त बोटं. पण खोलीला खिडकी मोठी आहे, आणि राहतो तिथे माझा स्वतःचा पियानो आहे. जुना आहे. बाबांनी पाहिला तर शिव्या घालतील.'

बारक्याने आपली पहिली रचना त्याला पाठवली. एकट्या पियानोची होती. दादाचं उत्तर आलं ते असं: 'बरी आहे. पण एकट्यासाठी कशाला लिहिलीस? माझी बाजू कुठाय?'

मग त्याने दादाची बाजू लिहिली. खालची ओळ दादाची, वरची स्वतःची. एक प्रत टपालाने गेली, एक राहिली. आणि दोघांनी ठरवलं, दर रविवारी, इकडे संध्याकाळ आणि तिकडे सकाळ असते तेव्हा, आपापल्या घरी आपापल्या बाकावर बसायचं. बारक्याने उजवीकडे, दादाने डावीकडे. आणि एकाच वेळी सुरू करायचं.

वेडेपणाच तो. पण माणूस वेडेपणा सुरू करतो तेव्हा चार दिवसांसाठी करतो आणि बघता बघता त्यात आयुष्य जातं. बारक्या प्राध्यापक झाला, त्याचं लग्न झालं, केस पांढरे व्हायला लागले, आणि रविवार चालूच राहिला. रचना जायच्या, उत्तरं यायची. 'दुसऱ्या पानावर माझा डावा हात उगाच बसून राहतो, त्याला काम दे.' 'शेवट घाईचा झालाय.' 'या वेळचं वाजवताना मला कारखान्याचा वास आला. कसं केलंस?' जगात प्राध्यापकांच्या कामावर रबर चालवायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि तो सातासमुद्रापलीकडे राहत होता.

बायकोला हे लग्नाआधीच कळलं, तेही उलटं. ती जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची. साखरपुडा नुकताच ठरला होता आणि तिच्या मैत्रिणीने बातमी आणली, की होणाऱ्या नवऱ्याला महाविद्यालयाच्या पत्त्यावर चोरून पत्रं येतात. ती सरळ तिथे जाऊन उभी राहिली.

"कोण आहे ती?"

"ती नाही, तो आहे. माझा थोरला भाऊ."

"भावाची पत्रं कुणी लपवून ठेवतं होय?"

मग त्याने तिला सगळं सांगितलं. सभागृहातलं ते वाक्य दादाच्या जाण्यानंतर तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. ती ऐकून घेत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "तुमचं अक्षर भयंकर आहे. भावाला वाचता तरी येतं का? द्या इकडे, मी उतरवून देते." तेव्हापासून दादाकडे जाणारी प्रत नकाशासारखी स्वच्छ जाऊ लागली. "तुम्ही खोडा, मी काढते," असं ती म्हणायची.

रविवारी ती त्याच खोलीत काहीतरी शिवत बसायची. एकदा म्हणाली, "कुणी फोनवर बोलत असलं ना, आणि आपण त्या खोलीत असलो, की जसं होतं तसं होतं मला. तुमचं सगळं कळतं. पलीकडचा काय म्हणाला, ते नाही."

"मला येतं ऐकू," ते म्हणाले.

"खरं?"

खरं सांगायचं तर त्यांना ऐकू यायची ती खालची ओळ सोळा वर्षांच्या पोराच्या कानातली होती. त्या दादाच्या हाताला आता काय काय झालं असेल, हे त्यांना कुठून माहीत असणार?

बाबा म्हातारे झाले. कारखाना बंद झाला, पण खाली जाऊन बसायचे. कान जवळजवळ गेलेच होते. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, आणि ओरडलं की आवाज चढतो, तो त्यांना मुळीच पोचायचा नाही. बारक्याला गुपित सापडलं होतं. तो त्यांच्याजवळ बसून आवाज खाली, अगदी छातीत उतरवून बोलायचा, आणि बाबांना कळायचं. सुनेने एकदा तसं बोलून पाहिलं तर बाबा म्हणाले, "सर्दी झाली का तुला?"

असाच एक रविवार होता. प्राध्यापकांनी वाजवायला सुरुवात केली होती. बाबा काठी टेकत वर आले आणि पियानोशेजारच्या खुर्चीत बसले. असं ते कधी करत नसत. बारक्याचे हात पट्ट्यांवर फिरताना त्यांनी पाहिले. बराच वेळ पाहिले.

"बारक्या, तू काय वाजवतोस ते मला येत नाही ऐकू."

"माहितीय, बाबा."

"तुझी बोटं दिसतात, आवाज नाही. इकडे, खाली," त्यांनी काठीने डावीकडच्या पट्ट्या दाखवल्या, "इकडचं येतं अजून मला थोडंफार. पण इकडे तर तू काहीच वाजवत नाहीस. कधीच वाजवत नाहीस. का?"

बायकोची सुई थांबली. प्राध्यापकांनी क्षणभर विचार केला आणि मग ते उठले, बाकावर डावीकडे सरकून बसले. आपल्या लिहिण्यातली खालची ओळ त्यांना पाठच होती. त्यांनी ती वाजवायला घेतली, दादाची बाजू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

बाबांनी डोळे मिटले होते. मान एका बाजूला कलली होती, जशी काम करताना कलायची.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"ते नाही विचारलं. हे वाजवतं कोण?"

प्राध्यापकांनी आवाज खाली उतरवला. "दादा वाजवतो. तिकडे. दर रविवारी. आत्ता वाजवत असेल."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती बाबांना ऐकू आली नसणारच. मग ते म्हणाले, "तू जड वाजवलंस. त्याचा हात हलका होता." आणि काठी घेऊन उठले. दारापाशी थांबले, पाठमोरेच. "त्याला लिही, तो म्हणाला ते खरं होतं. वर्ष नाही, दोन वर्षं झाली होती तेव्हा."

प्राध्यापकांनी त्याच संध्याकाळी लिहिलं. कसलंही नटवणं न करता, बाबांचे शब्द होते तसे. यावर दादाचं पत्र आलं नाही, फोन आला. इतक्या वर्षांत त्याने कधी घरी फोन केला नव्हता.

"बारक्या, बाबांना दे."

"दादा, त्यांना फोनवर—"

"दे म्हणतो ना!"

बाबांनी दोन्ही हातांनी फोन धरला, कानाला लावला आणि उभे राहिले. पलीकडून दादाचा आवाज खोलीभर फुटून येत होता. बोलतोय हे कळत होतं, काय ते नाही. बाबा म्हणाले, "हं." थोड्या वेळाने, "हो." पलीकडचा आवाज थांबला, काहीतरी विचारल्यासारखा वाटला. बाबा म्हणाले, "बरं. बरं." आणि फोन बारक्याच्या हातात दिला.

"काय म्हणाला?" बारक्याने विचारलं.

"कोण जाणे. पण आवाज जाडा झालाय त्याचा," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "पुष्कळ बोलला."

पंधरवड्याने महाविद्यालयात पत्र आलं. 'बाबांना विचारलं, मी येऊ का? तर बरं म्हणाले. दोनदा म्हणाले. नृत्यशाळेचा वार्षिक कार्यक्रम आटोपला की उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो.'

प्राध्यापक पत्र घेऊन बाबांच्या जवळ बसले आणि छातीतल्या आवाजात म्हणाले, "बाबा, दादाने फोनवर विचारलं होतं, घरी येऊ का म्हणून."

"असं विचारलं? मग मी काय म्हणालो?"

"तुम्ही बरं म्हणालात."

बाबांनी थोडा विचार केला. "म्हणालो ना? मग बरंच," ते म्हणाले. आणि बराच वेळ आपल्याशीच मान हलवत राहिले.

मग सुरू झालं वाट पाहणं. हिवाळ्यात बाबा दर दोन दिवसांनी विचारायचे, "कुठवर आला?" जणू दादा चालत निघाला होता. बारक्या सांगायचा, "अजून निघायचाय, बाबा. सुट्टी लागू दे." सून सांगायची, "निघेल आता." बाबांनी खाली जाऊन बंद कारखान्यातली एक खुर्ची सरस लावून पक्की केली, दादाच्या वजनाचं काय झालं असेल कोण जाणे, असं म्हणाले. हिवाळा सरला. झाडांना पालवी फुटली आणि एका सकाळी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

दादा अंत्ययात्रेला पोचू शकला नाही. उन्हाळ्यात मात्र आला. फोनवर प्राध्यापक म्हणाले होते, "आता कशाला धावपळ करतोस?" तर म्हणाला, "बाबांना सुट्टीत येतो म्हणून सांगितलंय."

दार सुनेने उघडलं. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ती दोन पावलं मागे झाली. टक्कल, वाकलेले खांदे, एका बाजूला कललेली मान. सासरेच तरुण होऊन दारात उभे होते. "ओळखलं का, वहिनी?" तो म्हणाला. आपला थोरला दीर आपल्याला वहिनी म्हणतोय, नात्यांचा हिशेबच तो विसरून गेलाय, हे पाहून तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

पहिले दोन दिवस दोघं भाऊ पियानोला वळसा घालून चालत होते. बाबांच्या गोष्टी झाल्या, कारखान्यात जाऊन बसणं झालं. 'मग बरंच' ही गोष्ट दादाने चार-चारदा सांगायला लावली. "खरंच असं म्हणाले? मग बरंच?" प्रत्येक वेळी तो गुडघ्यावर थाप मारायचा आणि मग तोंड फिरवायचा.

रविवारी संध्याकाळी तो आपणहून बाकावर डावीकडे जाऊन बसला. प्राध्यापक उजवीकडे. बाक तोच होता, माणसं रुंद झाली होती.

"सरक की जरा."

"सरकलो तर पडशील."

त्यांनी सुरुवात केली, आणि पहिलं पान संपायच्या आतच दोघं एकमेकांपासून सुटले. प्राध्यापक पुढे निघून गेले होते. दादा मागे, एकेक सूर जमिनीवर ठेवल्यासारखा ठेवत येत होता. दोघं थांबले.

"दादा, तू एवढं सावकाश वाजवायचास?"

"मग तू कुठे पळत होतास?"

"पळत नाही! हीच लय आहे. वर लिहिलीय."

"लिहिलीय तर लिहिलीय. आठवडाभर काठीच्या तालावर वाजवतो मी. रविवार माझा. रविवारी मला कसली घाई?"

"म्हणजे इतकी वर्षं मी संपवून उठायचो, तेव्हा तू—"

"अर्ध्यात असायचो! आणि मला वाटायचं, बारक्या सोबत आहे!"

दोघं इतके हसले, की सून आतून धावत आली. हसणं ओसरल्यावर खोलीत जी शांतता झाली ती मात्र तिला सोसवेना. ती म्हणाली, "मी मोजू का? एक, दोन, तीन—"

"नको बाई!" दादा ओरडला. "तेवढं सोडून काहीही कर!"

मग त्यांनी रोज बसायला सुरुवात केली. बारक्या थांबायला शिकला, दादा लय थोडी उचलायला. कधी दोघंही एकदमच समजूतदार व्हायचे आणि पुन्हा चुकामूक व्हायची. जायच्या आदल्या दिवशी दुपारी एक रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळली. एकदाच. वरचे सूर खालच्यांवर असे येऊन बसले जसं थकलेलं मूल खांद्यावर डोकं ठेवतं. संपल्यावर दोघांपैकी कुणीही हात उचलले नाहीत. छत ठोकायला खाली कुणी नव्हतं.

दादा गेला. आणि प्राध्यापकांना वाटलं होतं त्याच्या उलटच झालं. पुढच्या रविवारी ते बाकावर बसले, पण सुरू करवेना. आजवर पलीकडची बाजू ते मनाने भरून काढत होते. आता ती खरी कशी आहे ते कानांना कळलं होतं, आणि मनातल्यावर भागेना. पूर्वी दादा नसायचा, आता दादा गेलेला होता. बरगडीतसुद्धा कसलंसं रिकामंपण वाटत होतं, हसू येईल असं. त्यांनी झाकण मिटलं. त्याच्या पुढच्या रविवारीही मिटलेलंच राहिलं.

दादाचं पत्र आलं. 'मीही बसत नाही. बसलो की तुझी वाट पाहतो, आणि तू येत नाहीस. बारक्या, ही सगळी कपाटातून काढ आता. आपल्या दोघांच्यात ठेवून ती म्हातारी झाली. पोरांना वाजवू दे.'

प्राध्यापकांनी महिनाभर टाळलं. बायकोने टाळू दिलं नाही. शेवटी त्यांनी वर्गातल्या दोन मुलींना बोलावलं. एक उंच, शांत. दुसरी तीच, जिचं पानभर लिहिणं दोन ओळींवर आलं होतं. दोघी पहिल्याच दिवशी बाकावरून भांडल्या. प्राध्यापक दाराबाहेर उभे राहून ते भांडण शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मग आत गेले.

"सर, लय किती ठेवायची?" उंच मुलीने विचारलं. "इथे लिहिलेली आहे, पण कुणीतरी पेन्सिलीने खोडलीय."

"मीच खोडलीय. तुम्ही दोघी ठरवा."

"आम्ही?" दुसरी म्हणाली. तिचा विश्वास बसेना. "तुम्ही काही पुसणार नाही?"

"नाही."

सत्राच्या शेवटच्या कार्यक्रमात महाविद्यालयाच्या छोट्या सभागृहात ती रचना वाजली. पत्रिकेवर प्राध्यापकांचं नाव रचनाकार म्हणून छापलं होतं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत भुवया उंचावल्या होत्या. ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ, बायकोशेजारी बसले. बाकापासून इतक्या लांब बसून त्यांनी आपलं काही ऐकलं नव्हतं. मुलींनी दादाहून जलद आणि त्यांच्याहून सावकाश अशी लय धरली होती. मधल्या एका जागी दोघींचे हात एकमेकींवरून जातात; तिथे त्या दोन ओळीवालीने मैत्रिणीकडे पाहून हसून घेतलं. लिहिताना प्राध्यापकांनी तिथे हसू लिहिलं नव्हतं. पण ते तिथलंच होतं.

टाळ्या झाल्या. लोक येऊन हात मिळवून गेले. एक जुने सहकारी म्हणाले, "अहो, एवढं लिहीत होता आणि बोलला नाहीत?" प्राध्यापक म्हणाले, "बोलत होतो. एकाशी."

बाहेर पडताना ती मुलगी धावत आली. "सर, ही कुणासाठी लिहिली होती?"

"माझ्या थोरल्या भावासाठी."

"ते आले होते आज?"

"नाही. लांब राहतात ते."

"मग त्यांना कसं कळणार, कशी झाली?"

"मी लिहीन ना," प्राध्यापक म्हणाले.

लिहायला बसले तर जमेना. न ऐकलेल्या संगीताविषयी ते उभा जन्म पानंच्या पानं लिहीत आले होते. ऐकलेल्याविषयी एक वाक्य येईना. चार कागद फाडून झाल्यावर त्यांनी एवढंच लिहिलं, की मुली चांगल्या होत्या, सभागृह भरलं होतं, दुसऱ्या पानावर तुझा डावा हात आता बसून राहत नाही, आणि तू हवा होतास.

दादाचं उत्तर यायला या वेळी बराच काळ लागला. आलं ते एका ओळीचं: 'पुढची कधी पाठवतोस?'

प्राध्यापकांनी कोरे कागद काढले. आता साठी उलटली होती, तिकडे दादाची सत्तरी जवळ आली होती. पुन्हा भेट कधी, ते पत्रात दोघंही विचारत नव्हते. इतके दिवस ते वरची ओळ आधी लिहायचे आणि तिच्याखाली दादाची बसवायचे. आज त्यांनी खालून सुरुवात केली, सावकाश, रुंद जागा सोडत, हलक्या हाताला झेपेल असं.

"जेवायला येताय ना?" बायकोने आतून हाक मारली. "मला उतरवायला उद्या दिलं तरी चालेल."

"आलो, आलो," ते म्हणाले.

पण उठले नाहीत. कागदावर खालची ओळ अर्ध्यापर्यंत आली होती, वरची कोरी होती, आणि ते पेन्सिल धरून कान देऊन बसले होते.